दोन गिनी पिग, पाच उंदीर, सात दिवस

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांसाठी सहा खोल्यांचा एक वॉर्ड वेगळा काढला होता. त्या खोल्यांतली हवा थेट बाहेर सोडत नसत. ती नळांतून वर चढून एका बंद कक्षात जायची आणि तिथे पिंजऱ्यांत सरासरी दीडशे गिनी पिग ठेवलेले असायचे. रुग्ण खाली, प्राणी वर. दोघांची कधी गाठ पडत नव्हती, दोघांमध्ये सामायिक होती ती फक्त हवा. दर महिन्याला गिनी पिगांच्या कातडीत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाची लागण ओळखायचा द्रव, टोचून बघायचे, आणि एकामागून एक गिनी पिग क्षयाने बाधित झालेले सापडायचे. नंतर तसाच दुसरा कक्ष उभा केला. तिथे पोचणाऱ्या हवेवर आधी अतिनील किरण सोडले जायचे. त्या कक्षातले गिनी पिग निरोगी राहिले.

क्षय हवेतून पसरतो, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत असतं. तेव्हा त्यावर एकमत नव्हतं. रुग्णाची भांडी, अंथरूण, थुंकीची वाळलेली धूळ यांच्याकडे बोट दाखवणारे डॉक्टर पुष्कळ होते. विल्यम वेल्स यांच्या कल्पनेतून आणि रिचर्ड रायली यांच्या चिकाटीतून उभ्या राहिलेल्या या प्रयोगाने तो वाद मिटवला. पुढे २०१२ साली दक्षिण आफ्रिकेतून याच पद्धतीचा एक निष्कर्ष आला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांनी साधे सर्जिकल मास्क लावले त्या दिवसांतली हवा ९० गिनी पिगांना दिली, तेव्हा ३६ बाधित झाले. मास्क नसलेल्या दिवसांची हवा घेतलेल्या ९० पैकी ६९ बाधित झाले. मास्कचा उपयोग होतो की नाही, यावर चाललेल्या वादात इतकं सरळ उत्तर फार कमी वेळा मिळालं आहे.

त्या दोन प्रयोगांच्या परवानगीचे कागद माझ्यासमोर आले असते, तर मी सही केली असती. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मला कुणी एका बाजूला ढकलू नये. प्राण्यांवरचे प्रयोग हा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, हे क्रौर्य आहे आणि यातून माणसाला काहीच मिळालं नाही. दुसरा म्हणतो, हे नसतं तर आज तुम्ही जिवंत नसता, तेव्हा गप्प बसा. पहिल्या गटाचं दुसरं वाक्य खोटं आहे. दुसऱ्या गटाचं दुसरं वाक्य उद्धट आहे. आणि या दोघांच्या ओरडण्यात खरा प्रश्न बाजूलाच पडतो: या विशिष्ट प्राण्याला आपण नेमकं काय विचारलं, आणि ते विचारायची गरज होती का?

गिनी पिग या जातीपासूनच सुरुवात करू, कारण हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. हा प्राणी ना गिनीतला, ना डुकराच्या कुळातला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमार्फत तो युरोपात पोचला. १७८० च्या दशकात आंत्वान लावॉझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनी पिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचं संथ ज्वलन आहे, ही समज तिथून पक्की होत गेली.

त्याची निवड का होत गेली, यामागे शास्त्रीय कारणं आहेत आणि काही कारणं अगदी साधी आहेत. तो लहान आहे, सांभाळायला सोपा आहे, सहसा चावत नाही. घाबरला की तो पळत नाही, जागच्या जागी थिजतो. हा त्याचा भित्रा स्वभाव प्रयोगशाळेत ‘शांत प्राणी’ म्हणून नोंदला गेला. शिकार होणाऱ्या जातींमध्ये दुखणं लपवणं हाच जगण्याचा मार्ग असतो, आणि समोर माणूस उभा असताना तर हे प्राणी आणखीच स्तब्ध होतात. उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धतशीर श्रेणी २०१० साली प्रथम मांडली गेली. म्हणजे शतकभर ज्यांना ‘वेदना दिसली नाही’, त्यांनी ती बघायची नीट रीतच तयार केली नव्हती. या जातीचा गरीबपणा आपण इतकी वर्षं आपल्या सोयीने वाचला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोचणारं पान वाटतं.

आता त्यांनी दिलेली उत्तरं. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जाहीर केला. जिवाणू नुसता सूक्ष्मदर्शकाखाली दिसून भागत नव्हतं, त्यानेच रोग होतो हे दाखवायचं होतं. रुग्णाच्या शरीरातून घेतलेला, प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू गिनी पिगांना टोचला आणि त्यांना क्षय झाला. गिनी पिग क्षयाला फार लवकर बळी पडतो, म्हणून हा पुरावा निर्विवाद ठरला. प्रश्न खरा होता, उत्तर आधी ठाऊक नव्हतं, आणि हा प्राणी ते उत्तर देऊ शकत होता.

आठ वर्षांनी, १८९० मध्ये, याच कॉख यांनी याच जातीच्या भरवशावर जाहीर केलं की गिनी पिगांमधला क्षय थोपवणारा पदार्थ आपल्याला सापडला आहे. त्यांनी सुरुवातीला तो कशापासून बनवला हेही गुप्त ठेवलं. जगभरातून रुग्ण बर्लिनकडे धावले. तो पदार्थ म्हणजे ट्युबरक्युलिन. माणसांमध्ये त्याने क्षय बरा झाला नाही, कितीतरी रुग्णांची प्रकृती बिघडली, काही दगावले. पुढे त्याचा उपयोग उरला तो निदानापुरता. बाल्टिमोरच्या गिनी पिगांच्या कातडीत दर महिन्याला टोचलं जात होतं ते हेच.

तोच शास्त्रज्ञ, तीच प्राण्याची जात, तोच रोग, मध्ये फक्त आठ वर्षं. १८८२ चं यश आणि १८९० ची फसगत शेजारी शेजारी ठेवली की ‘प्राण्यांवरचे प्रयोग चालतात की नाही’ हा प्रश्नच चुकीचा आहे हे लक्षात येतं. रोगाचं कारण काय, हे गिनी पिग सांगू शकला. माणसाला उपचार लागू पडेल का, हे तो सांगू शकला नाही. त्याला ते विचारून, आलेलं उत्तर माणसांवर लादणं ही कॉख यांची चूक होती.

कधीकधी तर योग्य प्राणी निव्वळ नशिबाने समोर आला. नॉर्वेत १९०७ मध्ये अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या रोगाचा शोध घेत होते. त्यांनी गिनी पिगांना फक्त धान्य खायला घातलं. प्राण्यांना बेरीबेरी झाली नाही, स्कर्व्ही झाली. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की ती बरी होत होती. क जीवनसत्त्वाच्या शोधाचा रस्ता इथून उघडला. त्यांनी उंदीर घेतले असते तर हे काहीच दिसलं नसतं, कारण उंदीर आपलं क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो. ते बनवणारं शेवटचं विकर (एन्झाइम) माणसात निकामी झालं आहे आणि गिनी पिगातही. म्हणून १९३० च्या दशकात आल्बर्ट सेंट-ड्यॉर्ड्यी यांच्या प्रयोगशाळेत एका पदार्थाने गिनी पिगांची स्कर्व्ही टळली, तेव्हा ते ‘क’च आहे हे मान्य झालं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं.

आणि याच प्राण्याला पेनिसिलिन मानवत नाही. त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि तो मरतो. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्या गटाने पेनिसिलिनची पहिली महत्त्वाची परीक्षा आठ उंदरांवर घेतली. तिथे गिनी पिग असते तर कदाचित हे औषध विषारी म्हणून बाजूला पडलं असतं. एका प्राण्याने आपल्याला क जीवनसत्त्व दिलं आणि तोच आपल्यापासून पेनिसिलिन हिरावू शकला असता. म्हणजे ‘गिनी पिग माणसासारखा आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या बाबतीत, कोणत्या यंत्रणेमुळे, हे पुढे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. हे जोडता येत नसेल तर प्रयोगाला परवानगी मागणाऱ्याने घरी परत जावं, इतकं सरळ माझं म्हणणं आहे.

थॅलिडोमाइडचं उदाहरण दोन्ही गट वापरतात, आणि दोन्ही अर्धंच सांगतात. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेलं हे झोपेचं औषध गरोदर बायकाही घेत होत्या. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं, पण त्याच्यामुळे दहा हजारांहून अधिक बालकं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. प्राणीप्रेमी सांगतात, ‘प्राण्यांवर तपासूनही हे झालं.’ पण गाभण प्राण्यांवर ते तपासलेलंच नव्हतं. दुसरा गट सांगतो, ‘तपासलं असतं तर कळलं असतं.’ पण कोणत्या प्राण्यावर? उंदरांमध्ये हे व्यंग सहजासहजी दिसत नाही. सशांच्या काही जातींत दिसतं, माकडांत दिसतं. २००६ मध्ये लंडनमध्ये एका नव्या प्रतिपिंडाची मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली. माकडांनी त्याच्या पाचशेपट मात्रा पचवलेली होती. सहाही जणांचे अवयव काही तासांत निकामी होऊ लागले. ते वाचले, पण मरणाच्या दारातून.

इथवरची उदाहरणं मोठी आहेत, नावाजलेली आहेत. पण मला लिहायला बसवलं ते एका अगदी बिननावाच्या चाचणीने.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घटसर्प हा मुलांचा काळ होता. घशात पडदा धरायचा आणि मूल गुदमरून जायचं. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये प्रतिविषाचं, म्हणजे रोगाचं विष निकामी करणाऱ्या रक्तातल्या द्रव्याचं, तत्त्व दाखवलं. घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष काढायला सुरुवात झाली. पण प्रत्येक घोड्याच्या रक्ताची ताकद वेगळी. ती मोजायची रीत १८९७ मध्ये पॉल एर्लिख यांनी बसवली आणि तिचा पाया होता २५० ग्रॅम वजनाचा गिनी पिग: त्याला चार दिवसांत मारणारी विषाची मात्रा हे एकक. माणसाच्या मुलाला किती औषध द्यायचं, हे असंख्य गिनी पिगांच्या मरणाच्या तासांवरून ठरलं. ते एकक नसतं तर काही मुलांना पाणी टोचलं गेलं असतं आणि काहींना गरजेच्या कितीतरी पट.

मग १९०१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ‘जिम’ नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला. त्याच्या रक्तातून काढलेलं दूषित प्रतिविष नीट तपासणी न होता वाटलं गेलं आणि १३ मुलं दगावली. गिनी पिगाला ते टोचून काही दिवस वाट बघितली असती तर ती मुलं वाचली असती. पुढच्याच वर्षी तिथे जैविक औषधांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. रक्तद्रवं आणि लसी यांच्या प्रत्येक बॅचमधला थोडा भाग प्राण्यांना टोचून बघण्याची रीत या काळातली आहे. धनुर्वाताचं विष मिसळलं असेल, जंतू मारायला घातलेलं फिनॉल जास्त झालं असेल, तर प्राणी मरेल आणि मूल वाचेल. त्या काळात यापेक्षा चांगला मार्ग नव्हता. तेव्हा तो प्रश्न खरा होता.

या रीतीला पुढे ‘असाधारण विषाक्तता चाचणी’ असं भारदस्त नाव मिळालं. युरोपच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, तिचं रूप असं होतं: दोन गिनी पिग, पाच उंदीर, एक टोचणी, सात दिवस. कुणी मेलं नाही, आजारी पडलं नाही, तर बॅच पास. एखादा मेला तर चाचणी पुन्हा करायची.

दरम्यान औषध बनवण्याची पद्धत आमूलाग्र बदलली. कच्च्या मालापासून कुपीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर तपासणी आली, फिनॉल आणि विषं मोजायच्या नेमक्या रासायनिक आणि पेशींवरच्या पद्धती आल्या. लसींचं उत्पादन बंद टाक्यांमध्ये गेलं. ज्या धोक्यासाठी ही चाचणी जन्मली तो धोका पकडायला तिची गरज उरली नव्हती. आणि नव्या धोक्यांबद्दल दोन गिनी पिग काही सांगू शकत नव्हते. प्राणी मेलाच तर तो आधीच आजारी होता, किंवा टोचलेलं प्रमाण त्याच्या आकाराला जास्त झालं, अशीच कारणं निघायची. तरी चाचणी चालूच राहिली. प्रत्येक बॅच, प्रत्येक वर्ष. अमेरिकेने तिची सक्ती २०१५ मध्ये काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ती बंद करा असं २०१८ मध्ये सांगितलं. युरोपच्या फार्माकोपियातून ती २०१९ च्या जानेवारीत पूर्णपणे गेली.

१९०१ पासून २०१९. मधल्या कोणत्या तरी वर्षी ती चाचणी खऱ्या प्रश्नातून सवयीत बदलली. ते वर्ष कोणतं, कुणी सांगू शकत नाही, कारण ते शोधायचं काम कुणाचंच नव्हतं. माझा सगळा राग या ‘कुणाचंच नव्हतं’वर आहे. त्या चाचणीत कुणी दुष्ट नव्हता. तंत्रज्ञ नियम पाळत होता. कंपनी परवाना टिकवत होती. नियामक आधीच्या आवृत्तीतलं कलम पुढच्या आवृत्तीत घेत होता. एका देशाने कलम काढलं तरी दुसरा देश मागतो म्हणून निर्यात करणाऱ्याला ते करावंच लागत होतं. सगळे प्रामाणिक, आणि सात दिवसांनी सात प्राणी मारले जायचे, कारण ‘करायचं असतं’.

सवयीची ही एकच गोष्ट नाही. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये निम्मे प्राणी मारणारी मात्रा मोजण्याची कल्पना मांडली ती डिजिटॅलिस (हृदयाचं औषध), इन्सुलिन यांसारख्या बॅचगणिक ताकद बदलणाऱ्या औषधांच्या प्रमाणीकरणासाठी. पुढे ती फरशी पुसायच्या द्रव्यापासून रंगांपर्यंत सगळ्याला लावली गेली. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक यादीतून तिचं मूळ रूप २००२ मध्ये काढलं गेलं.

त्वचेची ॲलर्जी तपासण्याचा गिनी पिगांवरचा प्रयोग बघा. १९६९ मध्ये मॅग्नुसन आणि क्लिगमन यांनी तो मांडला. खांद्याच्या भागात कातडीत रसायन टोचायचं, सोबत प्रतिकारशक्ती भडकवणारं तेलकट मिश्रण, आणि काही आठवड्यांनी तेच रसायन पुन्हा लावून कातडी लाल होते का बघायचं. ते मिश्रण गाठी आणि जखमा करतं. एका रसायनामागे तीसपर्यंत प्राणी लागायचे. हा प्रयोग अनेक दशकं हजारो रसायनांसाठी झाला, आणि त्यातून कामगारांना, ग्राहकांना खरंच संरक्षण मिळालं, हेही नाकारून चालणार नाही. पण ॲलर्जीची पहिली पायरी म्हणजे रसायन त्वचेतल्या प्रथिनाला चिकटणं, आणि ती काचेच्या नळीत मोजता येते. पुढच्या पायऱ्या माणसाच्या पेशींवर मोजता येतात. या तुकड्यांची सांगड घालून, एकही प्राणी न वापरता निर्णय घेण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२१ मध्ये आली. तिच्यामुळे अचूकता घसरली नाही. उलट माणसाच्या प्रतिसादाशी ताडून पाहता प्राण्यांवरच्या चाचणीच्या बरोबरीचे, काही जोडण्यांत तिच्याहून सरस निकाल मिळाले. मग २०२१ नंतर एखादी प्रयोगशाळा तीस गिनी पिग मागते, तेव्हा तिने ‘हे आम्ही नेहमी करतो’ याखेरीज काहीतरी सांगायला हवं की नको?

सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या चाचण्यांवर युरोपीय संघाने २०१३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंदी पूर्ण केली, भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. ती सोपी लढाई होती. लिपस्टिकसाठी जीव घ्या असं म्हणायला कोण उभं राहणार? अवघड लढाई औषधांची आहे, कारण तिथे खऱ्या गरजेचे प्रयोग आणि सवयीचे प्रयोग एकाच इमारतीत, एकाच परवान्याखाली शेजारी शेजारी चालतात.

आणि गरजेचेही नीट होतात का? २००९ मध्ये एका पाहणीत उंदीर, घुशी आणि माकडं यांच्यावरचे २७१ शोधनिबंध तपासले गेले. प्राण्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केली होती की नाही, याची नोंद ८७ टक्के निबंधांत नव्हती. निकाल मोजणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिलं हे ठाऊक होतं की नव्हतं, याची नोंद ८६ टक्क्यांत नव्हती. माणसांवरच्या औषधचाचणीत या दोन गोष्टी नसतील तर तो निबंध कुणी हातात धरणार नाही. प्राण्यांच्या बाबतीत तो छापला गेला, त्याच्या आधारे पुढचे प्रयोग झाले. मेंदूला रक्तपुरवठा थांबल्यावर पेशी वाचवणारी हजाराहून अधिक औषधं प्राण्यांवर आणि प्रयोगशाळेत आजमावली गेली. त्यांतली कितीतरी प्राण्यांमध्ये उपयोगी ठरली, पण माणसांच्या चाचण्यांत एकामागून एक पडली. ढिसाळ प्रयोगात मेलेला प्राणी दुप्पट वाया जातो: तो स्वतः जातो, आणि त्याच्या खोट्या उत्तरामागे धावणाऱ्या पुढच्या प्रयोगातले प्राणी जातात. यात माणसांच्या आशाही जातात, पण ते दुःख मोजायला निदान रुग्णांच्या संघटना आहेत.

मोजण्यावरून आठवलं. अमेरिकेच्या १९६६ च्या प्राणीकल्याण कायद्यात कुत्रा, मांजर, माकड, ससा, हॅमस्टर यांच्यासोबत गिनी पिगचं नाव आहे. दरवर्षी किती वापरले याचा आकडा सरकारला द्यावा लागतो. पण संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर, घुशी आणि पक्षी २००२ च्या दुरुस्तीने त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळले गेले. प्रयोगशाळांत सर्वांत जास्त संख्येने असणारा जीव तिथल्या कायद्याच्या लेखी ‘प्राणी’ नाही. एका पिंजऱ्यातल्या जिवाची नोंद होते, शेजारच्या पिंजऱ्यातल्याची होत नाही. याला कोणतंही नैतिक कारण मी शोधू शकले नाही. गिनी पिगांची संख्या कमी झाली म्हणून आनंद मानताना हे डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. त्यांची जागा बऱ्याचदा उंदराने घेतली आहे. उंदीर २१ दिवसांत वितो, गिनी पिगला दोन महिने लागतात. या बदलामागे त्याच्याबद्दलच्या दयेपेक्षा हा हिशेब मोठा होता.

आता त्या माणसाचं म्हणणं, ज्याचा मला सर्वांत जास्त आदर वाटतो. तो म्हणतो: प्रश्न कितीही खरा असो, प्रयोग कितीही नीट असो, दुसऱ्याचा जीव आपल्या उपयोगासाठी घ्यायचा हक्क तुम्हाला दिला कुणी? त्या गिनी पिगने बाल्टिमोरच्या हवेला होकार दिला होता का?

नव्हता दिला. हक्क कुणी दिलेला नाही, असं माझं उत्तर आहे. तो आपण घेतला, कारण आपण बलवान आहोत, आणि खाली खोलीत खोकणारा माणूस आपला होता. मी या उत्तरावर समाधानी नाही. तरीही औषधांना दाद न देणारा क्षय झालेलं मूल समोर असताना मी तो प्रयोग थांबवा असं म्हणू शकत नाही. क्षयाच्या गाठीत जे घडतं, ते आजही प्रयोगशाळेत चिपवर वाढवलेल्या पेशींत पूर्ण उभं करता येत नाही. फुप्फुस, रक्त, प्रतिकारशक्ती आणि महिनोन्‌महिने चालणारा तो झगडा, हे सगळं एकत्र असायला शरीर लागतं. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चालतं हे आधी गिनी पिगांमध्ये दिसलं, म्हणून ते मग माणसांना द्यायचं धाडस झालं. हे मी विसरू शकत नाही. पण घेतलेली गोष्ट हक्काची नव्हती, हे मान्य केलं की वागण्यात फरक पडायलाच हवा. हक्काचं माणूस सवयीने घेतो. उसनं घेतलेल्याची तो नोंद ठेवतो.

म्हणून माझी मागणी नोंदीची आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा ही त्रिसूत्री मांडली. बहुतेक देशांच्या नियमांत ती आता आहे आणि प्रयोगाआधी भरायच्या अर्जात तिचे रकाने असतात. पण आधीच्या अर्जात सगळेच सदाचारी असतात. खरी परीक्षा नंतरची. प्रयोग संपल्यावर काय उत्तर मिळालं, किती प्राणी लागले, त्यांना किती सोसावं लागलं, आणि त्या उत्तराने कुणाचा कोणता निर्णय बदलला, हे उघडपणे लिहायची सक्ती हवी. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात काही प्रकारच्या प्रयोगांसाठी असा नंतरचा आढावा बंधनकारक आहे. तो सगळ्यांना लागू व्हावा. फसलेले प्रयोग छापलेच जात नाहीत, म्हणून दुसरीकडे कुणीतरी तेच प्राणी घेऊन तेच पुन्हा करतं. निकाल ‘नाही’ आला तरी तो नोंदवल्याशिवाय पुढचा परवाना मिळू नये.

आणि नियमाने लादलेल्या प्रत्येक चाचणीला मुदत हवी. दर दहा वर्षांनी ती आपोआप रद्द व्हावी आणि ज्याला ती हवी आहे त्याने ती पुन्हा मागावी, कारण देऊन. आज ओझं उलट्या बाजूला आहे. चाचणी निरुपयोगी आहे हे सिद्ध करायला वर्षानुवर्षं आकडे गोळा करावे लागतात, आणि ती उपयोगी आहे हे कुणालाच सिद्ध करावं लागत नाही. या चाचणीने गेल्या दहा वर्षांत अशी कोणती बॅच पकडली, जी दुसऱ्या कोणत्याही तपासणीत सुटली असती? हा एक प्रश्न १९६० साली विचारला गेला असता तर सात दिवसांची ती चाचणी तेव्हाच संपली असती. विचारायला पैसे लागत नव्हते.

मी हे सगळं बाहेरून बोलत नाही. औषधशास्त्र शिकत असताना आमच्या प्रात्यक्षिकाला गिनी पिग असायचा. सकाळी तो मारलेला असायचा, आणि त्याच्या लहान आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कोमट क्षारद्रावणात, ऑर्गन बाथमध्ये, दोऱ्याने बांधून लटकवायचा. दोऱ्याचं दुसरं टोक एका तरफेला. समोर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम संथ फिरायचा. हिस्टामिनचा थेंब पडला की आतडं आकसायचं, तरफ उचलली जायची आणि काजळीवर पांढरी रेघ उमटायची. मात्रा वाढवली की रेघ उंच. मग त्या उंचींवरून आलेख काढायचा, इंग्रजी एस अक्षरासारखा. माझ्याआधी कितीतरी वर्षं प्रत्येक तुकडीने तो काढला होता. तो पुस्तकात छापलेला होता, प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री मी तो पाठ केला होता. आज हाच धडा संगणकावर शिकवता येतो.

एकदा तुकडा नीट प्रतिसाद देईना. दोरा बांधताना मी तो ताणला होता. तासाचा वेळ उरला होता, म्हणून दुसरा गिनी पिग आणला गेला. कुणी मला रागावलं नाही, कुणी काही विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या तुकड्याने छान आलेख दिला. राळेच्या द्रावणात बुडवून वाळवलेला तो काळा कागद अजून माझ्या जर्नलमध्ये चिकटवलेला आहे. खाली ‘वापरलेलं साहित्य’ या शीर्षकाखाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे: गिनी पिग, एक. त्याशेजारी लाल शाईत बरोबरची खूण आहे.